मुतखडा आणि त्यावरील बिनचिरफाडीचे शल्यकर्म
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनातील भोजनोत्तर वेळ ही वक्त्याच्या दृष्टीने मोठी बिकट. त्यातून कार्यवाहांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, आणि आम्ही निवडला तो मुतखडा! कार्यक्रमपत्रिकेत हे नाव छापून आल्यावर काहींनी हसू दाबले; काहींनी, "गुरुजी, एखादा आध्यात्मिक विषय घ्यावयाचा होता", अशी प्रेमळ सूचनाही केली. त्या सूचनेचा आम्ही आदर करतो. परंतु मंडळाच्या वैद्यकीय साह्यनिधीकडे येणारे अर्ज चाळून त्यांची टिपणे करण्याचे काम समितीने आम्हांकडे सोपविले आहे, आणि त्या अर्जांत जो शब्द वारंवार भेटतो तो हाच. ज्या दुखण्याने आपल्या इतक्या कुटुंबांची झोप उडविली आहे, त्याचा उच्चार सभेत करण्यास लाजावे असे त्यात काय आहे?

आम्ही वैद्य नव्हे की डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेत मुलांस शिकविण्यात आमची हयात गेली. तेव्हा येथे जे सांगणार ते वाचून, जाणत्या डॉक्टरांस विचारून, आणि रुग्णांच्या तोंडून ऐकून जमविलेले आहे. ज्याने त्याने आपला उपचार आपल्या डॉक्टरांच्याच सल्ल्याने करावा, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

आपल्या पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाने, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी चार बोटे रुंद तळहाताहून थोडी अधिक, म्हणजे १० ते १२ सेंटिमीटर. चोवीस तासांत सुमारे १८० लिटर द्रव ती गाळून काढतात आणि त्यातील बहुतेक सर्व परत रक्तात घेऊन अवघे दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. हे मूत्र ज्या नळीतून मूत्राशयात उतरते ती मूत्रवाहिनी सुमारे २५ सेंटिमीटर लांब. परंतु तिची आतील वाट जेमतेम तीन-चार मिलिमीटर! मूत्रातील क्षार पाण्याअभावी दाट झाले की त्यांचे स्फटिक बनतात, स्फटिकास स्फटिक चिकटतो, आणि खडा तयार होतो. मिठाचे पाणी उन्हात ठेवले असता भांड्याच्या तळाशी काय होते, हे तिसरी-चौथीतील मुलेही सांगतील. बहुसंख्य खडे चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे, आणि त्यांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. काही यूरिक आम्लाचे, तर काही जंतुसंसर्गामुळे वाढणारे असतात. हे शेवटचे मूत्रपिंडाच्या पोकळीत सांबराच्या शिंगासारखे फाटे फोडीत पसरतात, म्हणून डॉक्टर त्यांस शिंगाचेच नाव देतात.

खडा मूत्रपिंडात स्वस्थ पडून असतो तोवर पुष्कळदा काहीच कळत नाही. तो मूत्रवाहिनीत घसरला की मग मात्र पाठीत बरगडीखाली उठणारी ती कळ जांघेपर्यंत उतरते, आणि भला धट्टाकट्टा मनुष्य जमिनीवर गडबडा लोळतो. पोटातील इतर काही दुखण्यांत रोगी अंग चोरून निपचित पडतो. मुतखड्याचा रोगी एका जागी ठरत नाही. प्रसूतिवेदनांहूनही ही कळ भयंकर, असे दोन्ही अनुभवलेल्या भगिनी सांगतात, आणि तेथे आम्हां पुरुषांस बोलण्याचा अधिकार नाही.

या रोगाची आणि मनुष्याची ओळख फार जुनी आहे. आपल्याकडे सुश्रुताचार्यांनी त्यास अश्मरी म्हटले आणि तिचे कफज, वातज, पित्तज आणि शुक्रज असे चार प्रकार सांगितले. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील शल्यकर्म मूत्राशयातील खड्याचे आहे. रोग्यास बळकट माणसाच्या मांडीवर टेकवून घट्ट धरावयाचे, बोटांनी आतून दाबून खडा खाली आणावयाचा, आणि शिवणीच्या डाव्या बाजूस जवाएवढे अंतर सोडून खड्याच्या मापाचा छेद घ्यावयाचा. या वर्णनात दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटल्या. एक, खडा फुटू देऊ नये, त्याचा चूरही मागे ठेवू नये, कारण राहिलेला कण पुन्हा वाढतो, अशी ताकीद आचार्य देतात. दुसरी, हे कर्म सर्वांत शेवटचा उपाय आहे, निष्णात वैद्याच्या हातीही यश अनिश्चित आहे, म्हणून आधी राजाची अनुज्ञा घ्यावी, असेही ते सांगतात. भूल नाही, जंतुनाशक नाही, अशा काळातील हा प्रामाणिकपणा आहे. ग्रीसमधील हिपोक्रॅटिसच्या नावे चालत आलेल्या शपथेतही वैद्याने खड्यासाठी शस्त्र धरू नये, ते काम त्यातील जाणकारांवर सोपवावे, असे कलम आहे. दोन दूरदूरच्या देशांतील शहाणी माणसे एकाच धोंड्यापुढे सारखीच सावध झालेली दिसतात.

बिनचिरफाडीची कल्पना मात्र अलीकडची नाही, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. १८२४ साली पॅरिस येथे झाँ सिव्हियाल नावाच्या शल्यविशारदाने मूत्रमार्गातून एक बारीक उपकरण मूत्राशयात सरकवून खडा तेथेच पकडून फोडला आणि त्याचा चुरा लघवीवाटे बाहेर पडू दिला. पुढे त्याने युरोपभरातील आकडे गोळा केले. कापून खडा काढण्याच्या जुन्या रीतीत शंभरांत सुमारे १९ रोगी दगावत, तर फोडून काढण्याच्या नव्या रीतीत सुमारे दोन. १८३५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे या आकड्यांवर मोठा खल झाला. एकेका रोग्याचा विचार करावा की आकड्यांवरून न्याय द्यावा, असा तो वाद होता. परंतु हे सर्व मूत्राशयापुरते राहिले. मूत्रपिंडातील खड्यापर्यंत पोहोचण्यास मात्र आणखी दीडशे वर्षे लागली.

दरम्यानची रीत आपल्यापैकी साठीपुढील मंडळींनी पाहिलेली आहे. कुशीवर वीतभर छेद, स्नायू कापलेले, क्वचित बरगडीचा तुकडाही काढलेला. मग कित्येक दिवस खाटेवर, आणि पुढे महिनोन् महिने जड उचलावयाचे नाही. शेतकऱ्याचा एक हंगाम त्यात सरळ बुडे. आपल्या मराठवाड्यात तर १९४८ साली निजामी राजवट संपेपर्यंत मोठ्या शल्यकर्मासाठी हैदराबादकडे डोळे लावावे लागत. येथे १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि ज्यास आपण सर्वजण 'घाटी' म्हणतो ते रुग्णालय गोरगरिबांचा आधार बनले. कन्नड-सिल्लोडपासून पार जालना-बीडपर्यंतची माणसे तेथे येतात. घाटीच्या गर्दीस नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. परंतु जेथे अन्य दार उघडत नाही तेथेच गर्दी होते, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

आता नव्या रीतींकडे वळू. त्या मुख्यतः तीन आहेत, आणि त्यांची नावे ऐकून रुग्ण गोंधळतो म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पहिली रीत शरीरास स्पर्शही न करणारी. जर्मनीतील डॉर्नियर या विमाने बनविणाऱ्या कंपनीचे अभियंते आघातलहरींचा अभ्यास करीत होते. अशी लहर पाण्यातून व मांसातून फारशी इजा न करता जाते, परंतु कठीण पदार्थावर आदळली म्हणजे त्यास तडे पाडते, हा गुण डॉक्टरांच्या कामी आला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिक येथे क्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर तो प्रयोग केला. त्या वेळी रोग्यास पाण्याने भरलेल्या हौदात बसवीत. आता हौद गेला, पाण्याची गादी आली. खड्याचा चुरा पुढील काही दिवसांत लघवीवाटे पडतो. लहान, फार कठीण नसलेल्या आणि सोयीच्या जागी असलेल्या खड्यास हे उत्तम. गरोदर स्त्रीस आणि ज्यांचे रक्त सहज गोठत नाही त्यांस हे वर्ज्य. खडा मोठा असेल तर चुऱ्याचेच ढीग नळीत अडकतात. म्हणून "आमच्या शेजाऱ्याचे यंत्राने झाले, माझेच का नाही?" असा हट्ट डॉक्टरांपाशी धरण्यात अर्थ नाही.

दुसरी रीत मोठ्या खड्यांची, आणि आमच्या मते सर्वांत विलक्षण. १९७६ साली स्वीडनमधील फेर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे लंडनचे जॉन विकहॅम आणि इतरांनी तिचा प्रसार केला. डॉक्टर तिला पीसीएनएल म्हणतात. आपले लोक सरळ 'पाठीतून दुर्बीण' म्हणतात, आणि तेच नाव आम्हांस अधिक आवडते. रोग्यास भूल देऊन बहुधा पालथे निजवितात. क्ष-किरणांच्या किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पाठीतून एक लांब सुई नेमकी मूत्रपिंडाच्या पोकळीत घालतात. सारे कसब या सुईत आहे. चुकीच्या जागी गेली तर रक्तवाहिनी दुखावते. सुईतून तार, तारेवरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या, आणि शेवटी जास्तीत जास्त एक सेंटिमीटर व्यासाची वाट तयार होते. हल्ली तर त्याच्या निम्म्या रुंदीचीही पुरते. त्या वाटेने दुर्बीण आत जाते, खडा डोळ्यांनी दिसतो, त्यास हवेच्या दाबावर चालणाऱ्या ठोक्याने, ध्वनिलहरींनी किंवा लेझरने फोडतात आणि तुकडे चिमट्याने उचलून बाहेर काढतात. दोन सेंटिमीटरहून मोठ्या आणि शिंगासारख्या खड्यांस साधारणतः हीच रीत. सर्व सुरळीत झाले तर रोगी दोन-चार दिवसांत घरी जातो. धोका मुळीच नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित रक्त द्यावे लागते, जंतुसंसर्ग पसरू शकतो. म्हणूनच लघवीची तपासणी करून, जंतू असल्यास आधी औषध देऊन, मगच शल्यकर्म करतात. तपासणीत गेलेल्या त्या चार दिवसांवर पुष्कळ नातेवाईक चिडतात, चिडू नये.

तिसरी रीत नैसर्गिक वाटेची. १९८० च्या सुमारास स्पेनमधील पेरेझ-कास्त्रो यांनी मूत्रवाहिनीच्या पुऱ्या लांबीतून मूत्रपिंडापर्यंत जाणारी ताठ दुर्बीण वापरात आणली. मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्यास ती पुरेशी होते. त्यानंतर वाकणारी दुर्बीण आली, तिचे टोक जवळजवळ उलटे वळून मूत्रपिंडाच्या खालच्या कोपऱ्यातही डोकावते. तिच्यातून केसासारखा बारीक तंतू नेऊन लेझरने खड्याचे फळ्यावरील खडूच्या भुकटीसारखे पीठ करतात. शरीरावर छेदच नाही. येथे थोडे विषयांतर करतो. शहरातील रस्त्यारस्त्यांवर 'लेझर' हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगविलेला दिसतो आणि लोकांस वाटते की हा किरण बाहेरून टाकला की काम झाले. वस्तुतः लेझर हा हातोडा आहे. हातोडा कोणत्या वाटेने आत न्यावयाचा आणि तो कोणाच्या हाती आहे, हे विचारावयाचे.

आपल्या प्रांतानेही या विद्येत नाव मिळविले आहे. शेजारच्या गुजरातेतील नडियाद येथे १९७८ साली मूळजीभाई पटेल यांच्या नावाने केवळ मूत्ररोगांसाठी रुग्णालय उभे राहिले आणि देशोदेशीचे डॉक्टर तेथे शिकावयास येतात. आणि आपल्या खानदेशात, धुळे येथे, डॉ. आशिष रवंदळे-पाटील यांनी डिसेंबर २००९ मध्ये एकाच रुग्णाच्या मूत्रपिंडातून १,७२,१५५ खडे काढले. ही संख्या गिनीज बुकात नोंदली गेली. ते मोजणाऱ्याच्या चिकाटीसही आम्ही नमस्कार करतो.

आता ज्यासाठी हा विषय घेतला त्या गोष्टींकडे येतो.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे पाणी आणि औषध यांनी आपोआप पडतात, हे खरे. परंतु यातूनच एक घातक समजूत निघाली आहे, ती अशी की कळ थांबली म्हणजे खडा पडला. अडकलेला खडा तसाच राहतो, वरचे मूत्रपिंड तुंबून फुगते, त्याचा ताण हळूहळू अंगवळणी पडतो आणि कळ बंद होते. रोगी समाधानाने कामास लागतो आणि आत मूत्रपिंड महिन्यामहिन्याने निकामी होत जाते. खडा पडला की नाही हे सोनोग्राफीने किंवा सी. टी. स्कॅनने पाहावे, अंगावर घेऊन अनुमान करू नये. आणि खड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर ते प्रकरण तासांचे आहे. त्या वेळी काढा, अंगारा, गावातील ओळखीचा कंपाउंडर यांत रात्र घालवू नये. तुंबलेल्या मूत्रपिंडात पू झाला तर तो रक्तात भिनून मनुष्य दगावतो.

दुसरी गोष्ट नळीची. शल्यकर्मानंतर मूत्रवाहिनी सुजून बंद पडू नये म्हणून मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक मऊ नळी पुष्कळदा ठेवून देतात. दोन्ही टोके वळलेली, म्हणून तिचे नाव डी. जे. स्टेंट, आपल्याकडे 'स्टेन' म्हणतात. ती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, डॉक्टर सांगतील त्या तारखेस, काढून टाकावयाची असते. बाहेरून ती दिसत नाही. येथेच घात होतो. कन्नड तालुक्यातील आपल्या एका ज्ञातिबंधूंची हकीकत सांगतो; नाव सांगणे उचित नव्हे. दुर्बिणीतून खडा निघाला, चौथ्या दिवशी गृहस्थ घरी आले, कपाशीची वेचणी सुरू झाली, तारीख मागे पडली. घरी जाताना मिळालेला कागद कपाटात राहिला, आणि तो वाचणारा मुलगा पुण्यास नोकरीवर. चार वर्षांनी लघवीतून रक्त जाऊ लागले तेव्हा फोटो काढला, तर त्या नळीवरच दोन्ही टोकांस सुपारीएवढे खडे जमलेले! एक खडा काढण्यास गेलेल्या मनुष्यास पुढे तीन शल्यकर्मे सोसावी लागली आणि त्या बाजूचे मूत्रपिंड अर्धेच काम करू लागले. सुश्रुताने बजावलेला कण तो हाच, फक्त या वेळी आपण तो स्वतः आत ठेवून विसरलो.

तिसरी गोष्ट बोलताना आम्हांस जड जाते, परंतु याच सभागृहात उद्या वधू-वर परिचय मेळावा आहे म्हणून बोलणे प्राप्त आहे. विवाहयोग्य मुलीस मुतखडा झाल्याचे कळले की आपल्यातील पुष्कळ पालक तो लपवितात. "ऑपरेशन झालेली मुलगी" असा शिक्का बसेल, स्थळे येणार नाहीत, या भयाने लग्न होईपर्यंत शल्यकर्म लांबविले जाते. मुलगी गोळ्या गिळून कळा सोसते, आणि लग्नानंतर पहिल्या गरोदरपणातच खडा अडकतो. त्या अवस्थेत क्ष-किरण नको, आघातलहरी नकोत, बहुतेक औषधे नकोत, म्हणजे उपचार सर्वांत कठीण. ही आमची कल्पना नव्हे. अशा दोन कुटुंबांचे अर्ज निधीकडे आलेले आम्ही वाचले आहेत. मूत्रपिंडातील खडा काढल्याने स्त्रीच्या मातृत्वास कोणतीही बाधा येत नाही. गर्भाशयाचा आणि या शल्यकर्माचा संबंध नाही. नैसर्गिक वाटेने केले तर व्रणही उरत नाही. पाठीतून केले तर बोटाच्या टोकाएवढा. मुलाच्या बापाने मुलीच्या शिक्षणाची, स्वभावाची चौकशी अवश्य करावी. परंतु निघून गेलेल्या खड्याची चौकशी करून नकार देणाऱ्यास या मंडळाच्या व्यासपीठावर मानाचे आसन असू नये, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. कोणास राग आला तर तो आम्ही सोसू.

आता थोडे कारणांविषयी. आपल्याकडे बोअरच्या जड पाण्यास दोष देण्याची रीत आहे. पाणी जड असण्यापेक्षा ते पोटात कमी जाणे, हेच खड्याचे मोठे कारण आहे. मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. घामावाटे पाणी निघून जाते आणि लघवी दाट होते. नाथसागर उशाशी असूनही नळाला कैक दिवसांनी पाणी येण्याचा अनुभव या शहरास नवा नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. परंतु पिण्याच्या पाण्याची टंचाई हे एकच कारण नव्हे. शाळेत आम्ही वर्षानुवर्षे पाहिले की मुली सकाळी घरून निघाल्यापासून परत जाईपर्यंत घोटभर पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छ शौचालय नसते. शेतात निंदणी-खुरपणी करणाऱ्या, बसमध्ये तिकिटे फाडणाऱ्या, बाजारात भाजी विकणाऱ्या आपल्या भगिनींचेही तेच. पाणी प्या असा उपदेश त्यांस करणे सोपे. आडोसा कोण देणार? केरळातील शाळांत २०१९ पासून पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा देण्याचा उपक्रम सुरू झाला. उत्तम आहे; परंतु त्या घंटेबरोबर शौचालयाच्या दारास कडीही हवी.

पाण्याचा गुण किती, हे इटलीतील संशोधकांनी १९९६ साली प्रसिद्ध केले. एकदा खडा झालेल्या सुमारे दोनशे रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटास भरपूर पाणी पिऊन रोज दोन लिटरांवर लघवी होईल असे पाहण्यास सांगितले, दुसऱ्यास तसे काही सांगितले नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील शंभरांपैकी १२ जणांस पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातील २७ जणांस. इतके स्वस्त औषध दुसरे नाही. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांसच विचारावे.

खाण्याविषयी तर समजुतींचा सुकाळ आहे. टोमॅटोच्या बिया पोटात जाऊन खडा होतो, ही त्यांतलीच एक. बी मूत्रपिंडात पोहोचतच नाही. दुसरी अशी की खडा चुन्याचा, म्हणून दूध-दही-ताक बंद करावे. १९९३ साली अमेरिकेत हजारो पुरुषांच्या आहाराचा अभ्यास झाला. त्यात आहारातून कॅल्शियम अधिक घेणाऱ्यांस खडे कमी होतात असे आढळले! कारण ते आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. पालकात ऑक्झलेट पुष्कळ. परंतु आपल्या आजी पालकाची भाजी ताकात करीत, त्यात ही रसायनविद्या आपोआप साधत होती. कमी करावयाचे ते मीठ: लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, जेवताना वरून घेतलेली चिमूट. मांसाहारही बेताचा असावा. लिंबू आणि मोसंबी यांतील सायट्रेट खडा बनण्यास अडविते, आणि मोसंबी तर आपल्या जालना-संभाजीनगर पट्ट्याचे पीक! बागाईतदार बंधूंनी मुंबईस पाठविताना दोन-चार घरीही ठेवावीत. हुलग्याचे माडगे, गोखरू, पानफुटीची पाने यांचा वापर घरोघरी चालतो. हुलग्याचे माडगे थंडीत चवीने प्यावे, परंतु दोन सेंटिमीटरचा खडा त्याने विरघळेल या आशेवर सहा महिने काढू नयेत. बिअर पिण्याची शिफारस करणारे मित्रही भेटतात. ती शिफारस खड्यासाठी नसते.

राहिला पैशाचा प्रश्न. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आणि पुढच्या वर्षी सर्व राज्यात जी जीवनदायी योजना सुरू झाली, तिचे नाव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाले. मूत्रमार्गाच्या अनेक शल्यकर्मांचा तिच्यात समावेश आहे, आणि कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देऊन ती सर्वांस लागू करण्याचा निर्णय २०२३ साली शासनाने घेतला. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा मनुष्य बसतो. शिधापत्रिका आणि आधारपत्र घेऊन आधी त्यास भेटावे. दाखल होऊन पैसे भरल्यानंतर नव्हे.

यावरून समितीतील काही बंधूंचे मत पडले की सरकार खर्च करीत असेल तर मंडळाचा वैद्यकीय निधी आता बंद करून ती रक्कम सभागृहाच्या बांधकामास द्यावी. आम्ही त्यास विरोध केला आणि आजही करतो. शल्यकर्माचा खर्च योजना देईल. परंतु नळी काढण्यासाठी पुन्हा शहरात येण्याचे बसभाडे, त्या दिवसाची बुडालेली मजुरी, बरोबर येणाऱ्याचे जेवण, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारखेची आठवण, हे कोणती योजना देणार? ही रक्कम फार नाही. कार्यकारिणीने कालच्या बैठकीत आमची सूचना एका वर्षापुरती मान्य केली, याबद्दल अध्यक्षांचे आभार मानतो. सूचना अशी: मंडळाने एक नोंदवही ठेवावी, तीत रुग्णाचे नाव, नळी घातल्याची तारीख आणि ती काढावयाची तारीख लिहावी, तारखेच्या आठ दिवस आधी एका कार्यकर्त्याने दूरध्वनी करावा, गरजूंस येण्याजाण्याचे भाडे निधीतून आगाऊ द्यावे. नावे गुप्त राहतील. वही कार्यवाह आणि आम्ही या दोघांवाचून कोणी उघडणार नाही. रुग्ण आपल्या ज्ञातीचा नसला, शेजारी असला, सालदार असला, तरी त्याचेही नाव घ्यावे असे ठरले आहे.

ती वही आजच भोजनगृहाच्या दाराशी, डाव्या हाताच्या टेबलावर ठेवली आहे. कार्यवाह संध्याकाळी पाचपर्यंत तेथे बसतील. ज्यांच्याजवळ रुग्णालयाचा कागद असेल त्यांनी तो दाखवावा. नसेल त्यांनी आठवेल तो महिना तोंडी सांगितला तरी चालेल, पुढील चौकशी आम्ही करू.